शिडाचे कापड आणि परतीची वाट



या व्याख्यानमालेच्या चालकांनी मला पत्र लिहून 'कापड आणि कामगार' अशा एखाद्या विषयावर बोलावे असे सुचविले होते. मी उलट टपाली कळविले की, कापडावरच बोलतो, पण ते धोतरलुगड्याचे नसेल, शिडाचे असेल. पत्रिकेत विषय छापून आला तेव्हा दोघातिघांनी मला हटकलेच. समुद्रापासून इतक्या दूरच्या, मागांच्या गावात सफरीच्या नौकेला शीड कोणते घ्यावे हे ऐकून कोणाला काय करायचे आहे, असे त्यांचे म्हणणे. माझे म्हणणे असे की, हा विषय समुद्रकाठच्या माणसाइतकाच तुमचाही आहे. शीड म्हणजे शेवटी कापड. वाऱ्याने ताणलेले, उन्हाने भाजलेले, मिठाने राठ झालेले, पण कापडच. आणि ताणा कशाला म्हणतात, बाणा कशाला म्हणतात, खळ किती द्यावी लागते, हे या सभागृहात कोणाला शिकवायला नको.

मी स्वतः सातवीनंतर शाळा सोडलेला माणूस. अठरा वर्षे साच्यावर उभा राहिलो, आणि पुढे मुंबईत संघटनेच्या कामात पडलो. त्या कामात खाजगी नौकांवरचे खलाशी माझ्याकडे येऊ लागले. मुंबई बंदरात गेटवेच्या आसपास तीस-चाळीस फुटी शिडाच्या नौका नांगरून पडलेल्या असतात, त्या तुमच्यापैकी काहींनी पाहिल्या असतील. मालक रविवारी येतो. आठवड्याचे उरलेले सहा दिवस नौका सांभाळायची ती या खलाशांनी. त्यांच्या पगाराचे आणि रजेचे तंटे सोडवता सोडवता मी त्यांच्याबरोबर नौकेवर जाऊ लागलो, शिडे ओढू लागलो, आणि एके दिवशी ध्यानात आले की, हे लोक ज्याची तक्रार करीत आहेत त्यातले निम्मे दुखणे कापडाचे आहे. तेथून माझा हा अभ्यास सुरू झाला.

आता मूळ प्रश्न. सफरीच्या नौकेचे शीड केव्हा बदलावे आणि त्याजागी कोणते घ्यावे? मालकाचे नेहमीचे उत्तर असे की, फाटले म्हणजे बदलावे. 'अजून चांगले आहे की, एक भोक दाखवा!' असे तो म्हणतो. हे उत्तर सदऱ्यापुरते ठीक आहे, शिडाला लागू नाही. शीड फाटण्याच्या कितीतरी आधी मरते, आणि मेलेले शीड काठीवर चढवून माणसे वर्षानुवर्षे हिंडतात. ते कसे मरते हे समजले म्हणजे नवे कोणते घ्यावे हेही आपोआप समजते.

आधी वारा पाहू. वाऱ्याकडे पाठ करून जायचे असेल तर शिडाला फारशी अक्कल लागत नाही. वारा मागून ढकलतो, नौका पुढे जाते. तिथे गोणपाटही चालेल. पण वाऱ्याच्या तोंडावर जायचे असते तेव्हा शीड ढकलले जात नाही, ते पक्ष्याच्या पंखासारखे काम करते. त्याला एक ठराविक बाक लागतो. वारा त्या बाकावरून वळून जातो आणि शिडाला आडवे व थोडे पुढे ओढतो. आडवी ओढ पाण्याखालची जड कील अडवून धरते आणि पुढची ओढ तेवढी उरते. या बाकाची खोली शिडाच्या रुंदीच्या साधारण दहा ते पंधरा टक्के असावी लागते, आणि सर्वांत खोल जागा मध्याच्या थोडी पुढेच असावी लागते. बाक जास्त झाला किंवा मागे सरकला की पुढची ओढ घटते आणि आडवी वाढते. नौका कलते, बाजूला घसरते, सुकाणू धरणाऱ्याचा हात दुखतो, पण वाट सरत नाही.

हे आपल्या किनाऱ्यावर पैशांत आणि मैलांत मोजता येते. हिवाळ्यात मुंबईहून गोव्याला जायचे तर सुमारे सव्वादोनशे सागरी मैल. दुपारी वायव्येकडून खारे वारे सुटतात, ते पाठीवर घेऊन नौका मजेत दक्षिणेला उतरते. पाहुण्यांना ही सफर आवडते, फोटो निघतात. गोव्यात पाहुणे उतरतात आणि विमानाने घरी जातात. नौका परत आणायची ती खलाशांनी, आणि तोच वायव्येचा वारा आता तोंडावर. कोणतीही शिडाची नौका वाऱ्याच्या थेट तोंडात जाऊ शकत नाही. धड शिडाची सफरी नौका वाऱ्याशी सुमारे ४५ अंशांचा कोन धरते आणि एकदा या अंगाला, एकदा त्या अंगाला अशी नागमोडी जाते. हिशेब सोपा आहे: असे गेले तर १०० मैलांच्या सरळ वाटेला १४१ मैल चालावे लागते. शीड झोळीसारखे झाले आणि कोन ५५ अंशांवर गेला, तर त्याच वाटेला १७४ मैल लागतात. दहा अंशांचा फरक डोळ्याला दिसत नाही. पण दर शंभर मैलांना तेहतीस मैल जास्त, म्हणजे दोन माणसांना आणखी एक रात्र जागरण. जुने तांडेल रात्री जमिनीकडून सुटणाऱ्या मतलई वाऱ्यावर उत्तरेची वाट काढून घेत आणि दुपारी थांबत. आजचे खलाशीही ते करतात. पण मालकाला सोमवारी नौका मुंबईत हवी असते.

कोणी म्हणेल, इंजिन आहे की! आहे. आणि कोकणच्या समुद्रात मासेमारीची जाळीही आहेत. चार वर्षांमागची गोष्ट. एक नौका गोव्याहून वर येत होती. विजयदुर्गाच्या पुढे संध्याकाळी तुटक्या जाळ्याचा गुंता पंख्यात अडकला आणि इंजिन थांबले. वारा समुद्राकडून किनाऱ्याकडे, खडक डाव्या-उजव्या हाताला दिसत होते. अशा वेळी त्या वाऱ्याविरुद्ध बाहेर समुद्रात निघून जाणे हा एकच मार्ग, आणि ते काम फक्त शीड करू शकते. नौकेवर दोन खलाशी होते. मोठे शीड नऊ वर्षांचे. ते ओढून ताणल्याबरोबर मागच्या कडेची शिवण हातभर उसवली. एकाने सुकाणू धरले आणि दुसऱ्याने काठीला चिकटून, विजेरी दातांत धरून, ती शिवण सुईने घातली. वारा रात्री पडला म्हणून ते वाचले. त्या शिवणीसाठी त्यांनी मालकाला दोन हंगाम सांगितले होते, आणि दोन्ही वेळा उत्तर मिळाले होते की, यंदा नको. त्या मालकाचे नाव मी सांगणार नाही. तो काही दुष्ट माणूस नव्हता, त्याला फक्त भोक दिसत नव्हते.

आता कापडाकडे वळतो.

दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी युरोपात शिडे जवसाच्या तागाची असत, म्हणजे लिननची. ते कापड मजबूत, पण सैल. १८५१ साली 'अमेरिका' नावाची नौका अटलांटिक ओलांडून इंग्लंडला गेली आणि ऑगस्टच्या २२ तारखेला वाइट बेटाभोवतीच्या शर्यतीत तिने इंग्रजांच्या नौकांना मागे टाकले. तिच्या बांधणीचे कौतुक पुष्कळ झाले, पण त्या जयात एक मोठा वाटा कापडाचा होता. तिची शिडे सुती होती, यंत्रावर घट्ट विणलेली, आणि सपाट बसणारी. इंग्रज खलाशी आपली लिननची शिडे पाणी मारून फुगवीत, म्हणजे धाग्यांमधली भोके बुजावीत. अमेरिकेच्या शिडांना त्याची गरज नव्हती. साच्यावरच्या माणसाने लक्षात ठेवावी अशी ही शर्यत आहे.

सुताची शिडेही नाजूकच. नवे सुती शीड आधी मंद वाऱ्यात हळूहळू ताणून बसवावे लागे आणि ओले गुंडाळले की बुरशीने कुजत असे. मग १९४१ साली मँचेस्टरच्या एका कापड छापणाऱ्या कंपनीच्या प्रयोगशाळेत व्हिनफील्ड आणि डिक्सन या दोघांनी पॉलिएस्टरचा धागा काढला. इंग्लंडात त्याला टेरिलीन म्हणत, अमेरिकेत डेक्रॉन. आपण त्याचे टेरिकॉट करून लग्नात घातले. त्यांनी त्याची शिडेही केली. आजही जगातल्या बहुतेक सफरी नौकांची शिडे याच धाग्याची आहेत.

पण धागा एकच असला तरी कापड एकसारखे नसते, हे तुम्हाला मी काय सांगावे! शिडाच्या कापडावर तीन दिशांनी ताण येतो. ताण्याच्या दिशेने, बाण्याच्या दिशेने, आणि तिरका. पहिल्या दोन दिशांना धागा उभा आहे, तो सोसतो. तिरक्या दिशेला धागाच नाही. तिथे कापड धरून ठेवते ती फक्त विणीची घट्टी. चौकोनी रुमाल कोपऱ्यांनी ओढून पाहा, कसा लांबतो! म्हणून चांगले शिडाचे कापड मागावर जितके ठोकता येईल तितके ठोकून विणतात, धुतात, मग तापवून आवळतात. पॉलिएस्टर उष्णतेने आटतो आणि वीण आणखी दाटते. शेवटी थोडे राळेसारखे रसायन भरून गरम रुळांतून काढतात. नेहमीच्या आडव्या पट्ट्यांच्या शिडात बाणा जाड आणि सरळ ठेवतात, कारण पट्टे असे जोडतात की बाणा शिडाच्या मागच्या कडेला समांतर येतो, आणि सगळ्यांत जास्त ओढ त्या कडेवर असते.

आता बाजारातली मेख. वीण घट्ट करायला वेळ लागतो, माग सावकाश चालतो, म्हणजे पैसा लागतो. रसायन भरायला लागत नाही. तेव्हा स्वस्त कापड सैल विणतात आणि त्यात रसायन जास्त भरतात. दुकानात ते हाताला कडक, करकरीत लागते. गिऱ्हाईक खूश. आपल्याकडे भरपूर खळ दिलेले मांजरपाट कसे विकले जाते तीच ही गोष्ट. एक धुणे झाले की चाळणी. शिडाला धुणे लागत नाही, फडफड पुरते. शीड वाऱ्यात जितके फडफडते तितके ते रसायन तडकते, आणि एक-दोन हंगामांत तिरक्या दिशेला धरून ठेवणारे काही उरत नाही. भोक एकही नाही, धागा एकही तुटलेला नाही, पण बाक खोल होऊन मागे सरकलेला. शीड मेले ते इथे.

म्हणून शीड शिवणाऱ्याकडे कापडाचा हातभर तुकडा मागा. तो तिरका ओढून पाहा. मग त्याला दहा-वीस वेळा चांगला चुरगाळा, आणि पुन्हा ओढा. दोन्ही वेळा सारखाच ताठ राहिला तर वीण आहे. दुसऱ्यांदा पोर झोपाळ्यात झुलावे तसा सैल झाला, तर तुम्ही खळ विकत घेत आहात. चांगला कारागीर या परीक्षेला रागावत नाही. वजनही विचारा. मात्र ते औंसांत सांगतील, आणि तो औंस छत्तीस इंच लांब व साडेअठ्ठावीस इंच रुंद तुकड्यामागे असतो, पुऱ्या चौरस वारामागे नव्हे. अमेरिकन शीडवाल्यांचे हे जुने माप आहे. पस्तीस फुटी नौकेच्या मोठ्या शिडाला सात ते आठ औंसांचे कापड लागते. आठ औंस म्हणजे आपल्या हिशेबाने चौरस मीटरला सुमारे ३४० ग्रॅम.

आपले जुने शीड जिवंत आहे की नाही हे कसे ओळखावे? वाऱ्याच्या तोंडावर जाताना शिडाच्या तळकडेच्या मध्याखाली आडवे पडावे आणि वर पाहून मोबाइलवर फोटो काढावा. शिडावर आडव्या रंगीत रेघा असतील तर उत्तम, नसतील तर शिवणी पाहाव्यात. फोटोवर रेघेची दोन टोके सरळ पट्टीने जोडा. बाकाची खोली किती आणि सर्वांत खोल जागा कुठे, हे मोजा. ती जागा मध्याच्या मागे गेली असेल तर शीडवाल्याला दाखवा. कापडात जीव असेल तर तो काही शिवणी उसवून आकार पुन्हा कापून देतो. नव्या शिडाच्या मानाने हा खर्च फारच कमी. कापड पेपरासारखे मऊ झाले असेल तर त्याच्यावर कापाकापी करू नये. मेलेल्याला औषध कशाला?

शिवणीचा दोरा वेगळा तपासावा. शिडाचे कापड इतके घट्ट असते की दोरा त्यात रुतत नाही, वरच राहतो. म्हणून ऊन आधी त्याला खाते. टाक्यावर अंगठ्याचे नख जोराने घासा. दोरा तुटला, तर सगळे शीड पुन्हा शिवून घ्या, त्याच हंगामात. उन्हाला न दबणारा टेफ्लॉनचा दोराही मिळतो, महाग आहे, पण आपल्या उन्हात तो कापडापेक्षा जास्त टिकतो. मी खलाशांना सांगतो की, पगारवाढीच्या मागणीपत्रात हा दोराही लिहा. काही मालक हसतात, दोघांनी दिला.

नवे शीड घेताना मालक आणि खलाशी यांचे भांडण कुठे होते तेही सांगतो. मालकाला हवे असते पुढचे रंगीत नायलॉनचे फुगीर शीड. ते वाईट नाही. पहाटेच्या मंद वाऱ्यात इंजिनाचे तेल वाचते. पण नायलॉन लांबतो, म्हणून ते वाऱ्याच्या तोंडावर चालत नाही; शिवाय ऊन त्याला पॉलिएस्टरहून लवकर मारते. खलाशाला हवी असते मोठ्या शिडात तिसरी रीफ, म्हणजे वारा वाढला की शीड खाली ओढून बांधण्याची तिसरी ओळ. बहुतेक शिडांत दोनच असतात. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. दहा नॉटचा वारा वीस झाला तर दाब दुप्पट नव्हे, चौपट होतो. तिसरी रीफ शीड सुमारे निम्म्यावर आणते. ती शिवताना कोपऱ्यांना जाड ठिगळांचे थर लागतात, आणि ती नवे शीड शिवतानाच करून घेणे स्वस्त. तिचे दोर सुकाणूच्या जागेपर्यंत आणावेत. रात्री लाटेत माणसाला डोलकाठीपाशी जावे लागू नये, यासाठी हा दोराचा खर्च आहे. माझे मत असे की, रंगीत शीड तिसऱ्या रीफनंतर घ्यावे. आधी नको.

शिडात आडव्या पट्ट्या घालतात, त्या पुरत्या लांबीच्या घाव्या की आखूड? पुऱ्या लांबीच्या पट्ट्यांनी फडफड कमी होते, म्हणजे कापडाचे आयुष्य वाढते, आणि शीड उतरताना शिस्तीत बसते. वजन वाढते, तारांवर घासते, काठीवर सरकणारी गाडी चांगली लागते. सफरीला मी पुऱ्या पट्ट्याच सांगेन, घासण्याच्या जागी ठिगळ लावून.

पुढच्या शिडाचे, जिनोआचे, माप टक्क्यांत सांगतात. डोलकाठी आणि पुढची तार यांमधल्या अंतराच्या शंभर टक्के, म्हणजे त्या जागेत मावेल इतके. दीडशे म्हणजे डोलकाठीच्या बरेच मागे येणारे. आजकाल ते तारेभोवती गुंडाळायचे यंत्र असते, आणि विकणारा सांगतो की दीडशेचे घ्या, वारा वाढला की गुंडाळून लहान करा. गुंडाळता येते, हे खरे. पण अर्धे गुंडाळलेले शीड पुढच्या कडेला जाड वळकटी होते आणि बाक मागे ढकलते. म्हणजे नेमका जोराच्या वाऱ्यात आकार बिघडतो. पुढच्या कडेत फोमची पट्टी शिवली तर थोडे सावरते. आपल्या किनाऱ्यावर १३० टक्क्यांच्या आसपासचे एक, आणि आतल्या तारेवर चढवायचे लहान, जाड कापडाचे दुसरे, ही जोडी एका अवाढव्य शिडापेक्षा बरी. जिनोआच्या मागच्या आणि खालच्या कडेला उन्हाची पट्टी असते, ती गुंडाळल्यावर बाहेर राहते. तिचे कापड ॲक्रिलिकचे असावे आणि झिजली की बदलावी. ती शोभेची किनार नव्हे.

यापेक्षा महाग कापडेही आहेत. प्लास्टिकच्या पापुद्र्यांत अरामिड किंवा कार्बनचे धागे चिकटवून केलेली. शर्यतीला ती उत्तम, आकार हलत नाही. पण आपल्या दमट हवेत पापुद्र्यांमध्ये बुरशी शिरते, घड्या पडून थर सुटतात, आणि तिथे दुरुस्ती जमत नाही. साध्या विणलेल्या पॉलिएस्टरने माणूस कुठवर जातो? गोव्यात दिवाडी बेटावर बांधलेल्या 'म्हादेई'वरून २०१३ साली न थांबता एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पुरी केलेले अभिलाष टॉमी पुढे २०२२ च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत उतरले. त्या शर्यतीत कार्बन-केव्हलारसारख्या वस्तूंना मनाई आहे. १९६८ च्या काळातली साधने तेवढी चालतात. छत्तीस फुटी 'बायानात'वरून ते २९ एप्रिल २०२३ रोजी दुसरे आले. मुंबई-गोव्याला त्याहून भारी कापडाची गरज आहे असे कोणी मला पटवून द्यावे.

मापाविषयी एक गोष्ट. नवे शीड मागवताना जुन्या शिडाचे माप देऊ नका. ते ताणलेले असते; नवे शीड जुन्याच्या चुका घेऊन येईल. माप नौकेचे घ्या: डोलकाठीवर शीड किती उंच जाते, बूमवर किती मागे जाते, पुढची तार कुठून कुठे. तारांना ते कुठे घासते, हे नौकेवरच्या खलाशाला विचारा. हे त्याच्याशिवाय कोणी सांगू शकत नाही, आणि कागदावर तर ते कधीच नसते.

मे महिना संपायच्या आत शिडे उतरवावीत, गोड्या पाण्याने धुवावीत, सावलीत वाळवावीत आणि सैल गुंडाळावीत. मीठ हवेतला ओलावा धरते. पॉलिएस्टर कुजत नाही, बुरशीचे डाग पडतात एवढेच. खरा वैरी उंदीर. गोदामात छताला दोरीने टांगून ठेवावीत.

उतरलेल्या जुन्या शिडाचे काय, हाही प्रश्न असतोच. आमच्याकडे ते खलाशाला मिळावे असा रिवाज आम्ही पाडला आहे. पावसाळ्यात घरावर ताडपत्री म्हणून घालायला ते उपयोगाचे नाही, रसायन गेलेले असल्यामुळे पाणी झिरपते. पिशव्या मात्र फार चांगल्या होतात.